दोनशे दहा मिलीलीटर

माझ्या आत्याने त्याला पहिल्याच भेटीत नखशिखांत भिजवलं.

पाऊस नव्हता, ढग नव्हते, साधा वाराही नव्हता. लोकांच्या प्रेमाला पाऊस लागतो. आमच्या घरी पाऊण इंची पाइपवर भागलं!

माझी आत्या प्लंबर आहे. हो, प्लंबरच. "म्हणजे इंजिनिअर का?" असं कुणी विचारलं की ती हातातला पाना दाखवते आणि म्हणते, "नाही हो, मी नळ बसवते. तुमच्याकडे गळतोय का एखादा?" वय एकोणतीस, केसांचा घट्ट अंबाडा, त्यात खोचलेली पेन्सिल, आणि आवाज असा की तळमजल्यावरून हाक मारली तर दुसऱ्या मजल्यावरचा गवंडी थापी खाली ठेवतो. इतकी वर्षं ती उस्तादांच्या हाताखाली होती. उस्ताद म्हणजे तिला हे काम शिकवणारे म्हातारे प्लंबर. यंदा पहिल्यांदा तिने स्वतःच्या नावावर काम घेतलं, आमच्या शाळेशेजारी उभं राहणारं दोन मजली वाचनालय, आणि उस्ताद हौसेने तिच्या हाताखाली आले. "आता पाणी उलटं चढाला लागलं," असं सगळ्यांना सांगत सुटले होते.

शाळा सुटली की आत्याचं काम संपेपर्यंत मी तिथेच जिन्यात बसून गृहपाठ करायचे. म्हणजे घरी तसं सांगायचे.

तर त्या दिवशी. पहिल्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात आत्या नव्या पाइपात जोराने पाणी सोडून सांधे तपासत होती. "सोडा, उस्ताद!" ती ओरडली. उस्तादांनी सोडलं. आणि नेमका त्याच क्षणी एक उंच, सडपातळ माणूस दारात येऊन उभा राहिला. पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत वही.

"माफ करा, इथले प्लंबर कुठे भेट—"

फट्!

सांधा निसटला आणि फवारा सरळ त्याच्या छातीवर. आत्या, उस्ताद, दोघंही कॉककडे धावले, एकमेकांवर आपटले, आणि मग कुठे पाणी बंद झालं.

तो माणूस ओरडला नाही. मागेही सरला नाही. त्याने चष्मा काढला, ओल्याच शर्टाला पुसला, परत घातला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अकरा सेकंद," तो म्हणाला. "म्हणजे साधारण... चार लीटर वाया."

आत्याने कमरेवर हात ठेवले. "आधी टॉवेल देऊ की कॅलक्युलेटर?"

मी जिन्यात तोंडावर वही धरली. पण मला दिसलं... तो हसला. एका बाजूने, चोरून, जणू हसण्याचंही माप ठरलेलं होतं आणि त्याला ते ओलांडायचं नव्हतं.

मग कळलं की तो तपासनीस आहे. वाचनालयाला हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं आणि त्यातली पाण्याची तपासणी त्याच्याकडे होती. ती भानगड आत्याने मला अशी समजावली: उन्हावरची वीज, झाडं, मोठ्या खिडक्या, या सगळ्याला गुण असतात. कमी पडले तर दुसरीकडून भरून काढता येतात. पण पाण्याचं तसं नाही. नेहमीच्या इमारतीला जितकं लागतं त्यापेक्षा निदान पस्तीस टक्के पाणी कमी लागलंच पाहिजे. तिथे नापास म्हणजे बाकी सगळ्यात पैकीच्या पैकी असले तरी अख्खी इमारत नापास. आणि वाचनालयाच्या आर्किटेक्टबाईंनी आत्याला आधीच बजावलं होतं, "तू पहिल्यांदाच एकटीने करतेयस. पाण्यात अडकलो तर पुढच्या दोन इमारती मी तुला देऊ शकणार नाही."

म्हणजे आत्याचं नाव त्या पस्तीस टक्क्यांवर टांगलेलं होतं. आणि पस्तीस टक्के होते त्या भिजलेल्या माणसाच्या वहीत!

"चहा तरी घ्या," आत्या म्हणाली. जरा नरमाईनेच.

"तपासणी चालू असताना काही घेता येत नाही."

"बरं, पाणी?"

"पाणीसुद्धा नाही. नियम आहे."

"अहो, आत्ता चार लीटर घेतलंत की!"

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. कान मात्र लाल झाले होते.

रात्री जेवताना आत्या सगळ्यांना सांगत होती. "इतका काटेकोर माणूस! नळाखाली मापाचं भांडं धरतो, पंधरा सेकंद मोजतो आणि डोळा भांड्याला लावून बघतो. वर बोलतो तेही मोजून. मिलीलीटर आहे नुसता मिलीलीटर!"

आईने वरण वाढता वाढता विचारलं, "वन्सं, दिसायला कसा आहे पण हा मिलीलीटर?"

"वहिनी! मी कामाचं सांगतेय."

"मीही कामाचंच विचारतेय," आई म्हणाली. बाबांनी पापड मोडला आणि आमच्या घरात ते नाव त्या दिवसापासून पक्कं झालं.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा ऊन रणरणत होतं. फ्लशच्या टाक्या मोजायच्या होत्या. त्याच्याकडे स्वतःची पाण्याची बाटली होती, तिच्यावरसुद्धा रेघा, आणि दुपारी दोनपर्यंत ती खडखडीत रिकामी. ओठ सुकलेले, तरी हा आपला टाकीचं झाकण उघड, पट्टी बुडव, आकडा लिही.

आत्याने काचेचा एक ग्लास काठोकाठ भरला आणि खिडकीत ठेवला. "हा मी माझ्यासाठी ठेवलाय," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "मी जरा विसरभोळी आहे. ठेवते आणि निघून जाते."

आणि खरंच निघून गेली.

मी जिन्यातून डोळे फाडून बघत होते. तो ग्लासाजवळ गेला. बघत राहिला... बघतच राहिला. घोट गिळला, कोरडाच. मग त्याने ग्लास उचलून उन्हातून सावलीत सरकवला, भिंत घासणाऱ्यांची धूळ उडत होती म्हणून वहीचा एक कागद फाडून वर झाकला, आणि कामाला लागला. प्यायला नाही!

संध्याकाळी आत्याने कागद उचलला. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दोनशे दहा मिलीलीटर. इतकं काठोकाठ भरू नका, सांडतं.'

"आगाऊ!" आत्या म्हणाली. आणि कागदाची नीट चार पदरी घडी घालून तिने तो हत्यारांच्या पेटीत ठेवला. सगळ्यात वरच्या कप्प्यात. ज्या कप्प्यात ती मला बोटसुद्धा घालू देत नाही.

मग आला मुख्य तपासणीचा दिवस. बासष्ट नळ, सगळ्यांखाली भांडं, सगळ्यांना पंधरा सेकंद. शाळेला सुट्टी होती म्हणून मी सकाळपासून हजर. आर्किटेक्टबाई एका खुर्चीवर बसून सारखं घड्याळ फिरवत होत्या. आत्या पेन्सिल चावत होती. शेवटी मिलीलीटरने बेरीज केली, पुन्हा केली आणि मान वर केली.

"एक्केचाळीस टक्के," तो म्हणाला. आणि या वेळी दोन्ही बाजूंनी हसला. "अभिनंदन."

काय आरडाओरडा झाला! आर्किटेक्टबाईंनी आत्याला मिठीच मारली. मिलीलीटर जायला निघाला, दारात थांबला, काहीतरी बोलणार असं वाटलं... मग नुसतीच मान हलवून गेला.

पाचच मिनिटांनी झाडलोट करणाऱ्या मावशी वरच्या मजल्यावरून ओरडल्या. "अगं बाई, हे कसलं पाणी? बादली भरेस्तोवर माझे केस पिकतील!"

आत्या वर गेली. नळाची धार सुतासारखी. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम मावळलं. ती धाडधाड जिने उतरून तळमजल्यावर मेन व्हॉल्व्हपाशी गेली आणि त्याचं चाक फिरवायला लागली. तो व्हॉल्व्ह तिनेच बसवला होता. पूर्ण उघडायला नऊ फेरे लागतात हे तिला पाठ होतं. एक, दोन, तीन, चार, पाच... पाच फेरे तो आणखी उघडला.

म्हणजे तपासणी झाली तेव्हा तो अर्ध्याहून जास्त बंद होता!

"उस्ताद," ती हळूच म्हणाली. ती हळू बोलली की मला भीती वाटते.

उस्ताद फडक्याने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "सकाळी बघितलं तर तळमजल्याच्या नळांच्या तोंडाच्या, धार बारीक करणाऱ्या जाळ्या गायब. एकोणीस नळ धबाधबा वाहत होते. त्या रंगाऱ्यांनी बादल्या पटापट भराव्यात म्हणून काढून ठेवल्या असणार. आता ऐन वेळी कुठून आणायच्या? म्हटलं, जोर थोडा मारावा. तपासणीच्या दिवशी सगळेच मारतात, पोरी. उद्या नव्या जाळ्या बसवू, कोण बघतंय?"

"तुम्हीच शिकवलंत ना, गळती झाकली तर भिंत बोलते?"

"पण पास झालीस ना?"

आत्या धावत सुटली.

मीही मागे. फाटकातून बाहेर, रस्त्याने, फुलवाल्याच्या टोपलीवरून उडी मारून. मिलीलीटर बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. बस हलली...

"अहो! थांबा! ओ मिलीलीटर!"

अख्ख्या रस्त्याने वळून पाहिलं. तोही वळला. पाय आपोआप खाली आला आणि बस त्याला सोडून गेली.

"तुम्ही... मला काय म्हणालात?"

आत्याला धाप लागली होती. अंबाडा सुटलेला, पेन्सिल कुठेतरी पडलेली. "ते नंतर. आधी ते एक्केचाळीस खोडा. मेन व्हॉल्व्ह बंद होता. अर्ध्याच्या वर. मला माहीत नव्हतं, पण काम माझ्या नावावर आहे. म्हणजे चूक माझी."

त्याने काखेतली वही उघडली.

"खरा आकडा किती?"

"माहीत नाही. पण एक्केचाळीस नक्की नाही."

"मला नापास लिहावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. म्हणून तर धावले," आत्या म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण तिने ते सांडू दिलं नाही.

तो परत आला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पुन्हा बासष्ट नळ मोजले. एकोणतीस टक्के. त्याने 'नापास' लिहिलं तेव्हा पेन दोनदा अडखळलं. "एकवीस दिवसांनी फेरतपासणी," तो म्हणाला. मग अगदी हळू, "आजवर कितीतरी इमारती तपासल्या. पास करा म्हणून लोक मागे धावतात. नापास करा म्हणून कोणी..." वाक्य तिथेच सोडून तो गेला.

आर्किटेक्टबाई एवढंच म्हणाल्या, "शेवटची संधी." उस्ताद रुसून कोपऱ्यात. "तू गप्प बसली असतीस तर आज पेढे वाटले असते."

"आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं, उस्ताद," आत्या म्हणाली. मी तिच्या ओठांवर नीट बघितलं. नाहीच मिश्या. मग हसूच आलं, तिलाही आणि शेवटी उस्तादांनाही.

जाळ्या सापडल्या! रंगाऱ्याच्या एका डब्यात, एकोणीसच्या एकोणीस, रंगाने बुजलेल्या. तशाच नव्या यायला महिना लागणार होता. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि आई, बाबा, आत्या, मी, सगळे जुने टूथब्रश घेऊन घासायला बसलो. आत्या एकेक जाळी दिव्यासमोर धरून बघायची. एकूण एक भोक मोकळं पाहिजे.

"वन्सं, पुरे की," आई म्हणाली. "इतकं आरपार काय बघताय? पलीकडे मिलीलीटर दिसतोय का?"

"वहिनी, तुम्हाला टूथब्रश फेकून मारीन हं."

"मारा. पण आधी सांगा, दिसतोय का?"

आत्याने दुसऱ्या जाळीवर इतका जोर लावला की ब्रशचा दांडाच मोडला.

तेवढ्यावर ती थांबली नाही. बाकीचे त्रेचाळीस नळही तिने पुन्हा उघडले आणि हात धुण्यापुरते होते त्यांना आणखी बारीक धारेच्या जाळ्या बसवल्या. रोज संध्याकाळी भांडं धरायचं, पंधरा सेकंद मोजायचे. तीही आता डोळा भांड्याला लावून बघायची. अगदी त्याच्यासारखं. मी तसं म्हटलं तर मला रागावली. म्हणजे बघा!

एकविसाव्या दिवशीही शाळेला सुट्टी होती. आत्याने धुतलेला शर्ट घातला. केसात नवी पेन्सिल. सकाळी दहा वाजता दारात पावलं वाजली आणि ती झटकन वळली...

दारात एक पांढऱ्या केसांच्या, बुटक्या, करारी बाई उभ्या होत्या. "मी वरिष्ठ तपासनीस. ही फाइल आता माझ्याकडे आहे."

"आणि... आधीचे?" आत्याने विचारलं.

"त्यांनी सोडली."

आत्याने नुसती मान हलवली. पण मी तिला ओळखते ना... एखादा नळ आतून बंद केल्यासारखा तिचा चेहरा झाला. टाळलं त्याने मला, असंच तिला वाटलं. खरं सांगू? मलाही वाटलं, आणि मी मनातल्या मनात त्या मिलीलीटरला ठेवणीतल्या शिव्या घातल्या.

"बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "व्हॉल्व्ह कुठाय?"

तेव्हा उस्ताद पुढे झाले. त्यांनी मेन व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, बाईंना नऊ फेरे मोजून दाखवले, मग चाकच काढून त्यांच्या हातात दिलं. "हे तुमच्याकडे असू द्या, बाई. काम संपेपर्यंत. मागच्या वेळी हात माझा होता, पोरीचा नाही."

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की उस्तादांनी उगाचच फडकं झटकलं.

बासष्ट नळ. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना. शेवटी कुठे गळती नाही ना हे मीटरवर बघायचं म्हणून तासभर सगळे नळ बंद. काटा जागचा हलला नाही. मग त्यांनी बेरीज केली. आर्किटेक्टबाईंनी डोळे मिटले. मी बोटं इतकी घट्ट आवळली की नखं रुतली.

"त्रेचाळीस टक्के," मोठ्या बाई म्हणाल्या. "पूर्ण जोरात. पास."

त्रेचाळीस! खोटा आकडा एक्केचाळीस होता आणि खरा त्रेचाळीस! आर्किटेक्टबाई ओरडल्या, "दोन्ही इमारती तुझ्या!" उस्ताद आणि आत्या एकमेकांचे हात धरून लहान मुलांसारखे उड्या मारायला लागले. मावशींनी नळ सोडून आनंदाने तोंडच धुऊन घेतलं.

"एक मिनिट," मोठ्या बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "तपासनीस बदलला की त्याचं कारण काम घेणाऱ्याला वाचून दाखवावं लागतं. नियम आहे." त्यांनी फाइल उघडली. "रकाना चौथा. बदलीचं कारण. 'या इमारतीच्या प्लंबरबाबत मी तटस्थ राहिलेलो नाही. पुढे राहीन असंही वाटत नाही.'"

मावशींनी चालू नळ बंद केला.

"रकाना पाचवा. केव्हापासून. 'पहिल्या अकरा सेकंदांपासून.'" बाईंनी फाइल मिटली. "इतकी वर्षं नोकरी केली. लोक या रकान्यात 'तब्येत बरी नाही' असं लिहितात. असो. फाइल बंद होईपर्यंत त्याला या आवारात पाऊल टाकता येत नाही, म्हणून सकाळपासून फाटकाबाहेर उभा आहे. वेडा आहे जरासा. पण माप चोख." आणि त्यांनी शिक्का उचलला. धप्! "झाली बंद."

आत्या दुसऱ्यांदा धावली. या वेळी मी खिडकीतून बघितलं, कारण फाटक खिडकीच्या अगदी खालीच होतं, मला वरून सगळं दिसत होतं आणि एकही शब्द चुकवायचा नव्हता.

तो फाटकाशी होता. तोच पांढरा शर्ट, आज घामाने भिजलेला. वही नव्हती, ओळखपत्र नव्हतं, हातात काय धरावं कळत नसल्यासारखे हात.

"तुम्ही... तेवढं सरळ सांगता आलं नसतं?" आत्या म्हणाली. "रकान्यात लिहायचं असतं होय असलं?"

"तपासणी चालू होती," तो म्हणाला.

"आणि मी नापास झाले असते तर?"

"तरी इथेच उभा असतो." तो थांबला. एवढे शब्द त्याला एकदम खर्च करायची सवय नव्हती. "आता मी तुमचा तपासनीस नाही. तर... पाणी मिळेल का? एक ग्लास?"

आत्या आत आली, तोच काचेचा ग्लास घेतला आणि नळाखाली धरला. तळमजल्याचा बारीक धारेचा नळ तो! भरता भरेना. त्या जाळ्या मी स्वतः घासल्या होत्या, पण त्या घडीला मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू!

अखेर भरला. काठोकाठ. ती दोन्ही हातांनी सांभाळत, पाऊल मोजत मोजत फाटकापर्यंत गेली.

"सांडेल," तो म्हणाला.

"सांडू दे. आज मोजायचं नाही."

त्याने ग्लास घेतला. बोटांना बोटं लागली आणि थोडं सांडलंच, तिच्या मनगटावर. दोघांनीही पुसलं नाही. तो एका दमात सगळं प्यायला, अगदी तळाच्या थेंबापर्यंत, महिन्याभराचा तहानलेला असल्यासारखा. मग रिकामा ग्लास तिच्यापुढे धरून एका बाजूने हसला.

"आणखी एक मिळेल?"

"एकच?" आत्या म्हणाली, इतक्या मोठ्याने की दुसऱ्या मजल्यावरच्या गवंड्याने थापी खाली ठेवली. "रोजचं बोला!"